पुनरुक्तीचा बंदोबस्त

परीक्षा आणि शिमगा एकाच महिन्यात यावेत असं ज्याने कुणी ठरवलं, त्याला एकदा आमच्या पडवीत आणून बसवायला हवं. उजवीकडून ढोल. डावीकडून शेजारची दहावीतली पोर "किरण काचेत शिरताना लंबाकडे झुकतो, किरण काचेत शिरताना लंबाकडे झुकतो" असं ओरडून पाठ करते आहे. वरून उन्हाचा असा तडाखा, की पायरीच्या चिऱ्यावर बूड टेकवावं तर उडी मारून उठावं लागतं. घरामागच्या परड्यातून काजूच्या बोंडांचा आंबूस वास. मार्च महिना आला. दरवर्षी येतो, दरवर्षी असाच येतो, आणि तो आला की माझ्या घशाशी एक गोष्ट येते आणि तिथेच अडते.

अडते म्हणजे अडवली जाते. माझ्या घरात, माझ्याच माणसांकडून.

गोष्ट अगदी साधी आहे. तेव्हा खाडीला पूल नव्हता. आम्ही खाडीच्या अलीकडचे, परीक्षेचं केंद्र पलीकडे रत्नागिरीत. होडीतून जायचं. मॅट्रिकच्या गणिताच्या दिवशी ओहोटी इतकी उतरली की होडी मध्येच वाळूत रुतली. होडीवाला म्हणाला, आता भरती येईस्तोवर बसा. मी बसलो नाही. चपला डोक्यावर, कंपासपेटी दातांत, गुडघाभर चिखलातून खाडी ओलांडली आणि धावत जाऊन परीक्षेच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. इथवर आलो की कुणीतरी मला थांबवतंच. त्यामुळे तुम्हालाही इथवरच सांगतो.

आता ही गोष्ट प्रेरणादायी आहे की नाही, तुम्हीच सांगा. परीक्षेच्या दिवसांत घरातल्या लेकराने ती ऐकावी, एवढीच माझी अपेक्षा. पण आमच्याकडे तिचा बंदोबस्त फार पूर्वीच झालेला होता, आणि तोही भर शिमग्यात, देवासमोर.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात टेकली की मानकरी तात्या हात जोडून गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या लेकराबाळांना सुखी ठेव, काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे..." तात्यांनी श्वास घेतला की सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तर एका वर्षी गाऱ्हाणं आटोपलं, मंडळी सरबताला टेकली, आणि मी सहज विषय काढला. "तेव्हा खाडीला पूल नव्हता," म्हणालो आणि श्वास घेतला. दिवसभर पन्नास अंगणांत तेच करून आलेली ती माणसं. त्यांनी सवयीने, सरबताचे पेले हातात धरून, एकमुखाने जाब दिला, "व्हय म्हाराजा!"

मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा लहान होती. ती हसून हसून पायरीवर आडवी झाली. आणि तिच्या आईला, म्हणजे सुलभाला, लग्नापासून जे हत्यार हवं होतं ते आयतं मिळालं.

त्या दिवसापासून मी "तेव्हा खाडीला" म्हटलं, की स्वयंपाकघरातून "व्हय म्हाराजा". पुढे पुढे नुसतं "तेव्हा" पुरायला लागलं. मग "खाडी". मग "पूल". मी कचेरीतून आलो आणि जरा घसा खाकरला तरी दोघी एकमेकींकडे बघायच्या.

ज्या शिमग्याबद्दल सांगायचं आहे तो दोन हजार चार-पाचच्या सुमाराचा. मुक्ता कोल्हापुरात एम.एस्सी. करत होती आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखतीत एका विषयावर बोलायचं आणि मग समोरचे विचारतील त्याची उत्तरं द्यायची. पोरगी हुशार, त्याबद्दल वादच नाही. पण चार माणसं समोर बसली की हिची जीभ टाळूला चिकटायची. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत "अध्यक्ष महाराज" एवढं म्हणून ही उभीच राहिली होती, घंटा होईस्तोवर. कोल्हापुरातल्या तोंडी परीक्षेत तेच. आता ही एकच जागा तिला हवी होती, आणि तिथे लेखी काहीच नव्हतं. सगळं बोलण्यावर होतं.

म्हणून सुट्टीत घरीच सराव. पडवीत झोपाळ्यावर मी, खाली तांदूळ निवडत सुलभा, आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून शेजारच्या हमीदाभाभी. भाभींचा नवरा कतारला, मुलगे मुंबईला. आमच्या घरातलं काही त्यांच्यावाचून झालंच नाही कधी. मुक्ता भिंतीशी उभी राहायची, दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची.

"बोल की गो," भाभी म्हणायच्या. "आमी काय खाताव काय तुला?"

"विषय काय आहे तो तरी सांग," मी म्हणालो.

"पेशी डीएनएमधली पुनरुक्ती कशी ओळखते आणि छोट्या आरएनएंच्या मदतीने तिला गप्प कशी करते."

सुलभाने सुपातून वर पाहिलं. आधी मुलीकडे, मग माझ्याकडे. तांदूळ निवडताना ती एरवी गुणगुणत नाही, त्या दिवशी गुणगुणत होती.

मला काडीचं कळलं नव्हतं, म्हणून मी विचारत गेलो, आणि मुक्ता मला वैतागून सांगत गेली. वैतागली की तिला बोलता येत होतं, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. तिच्या म्हणण्यानुसार आपल्या पेशीत जो डीएनए आहे, त्यातला जवळपास निम्मा भाग म्हणजे तेच ते. एकच मजकूर पुन्हा, पुन्हा, हजारो वेळा. त्यातले काही तुकडे तर असे आगाऊ, की स्वतःची नक्कल काढतात आणि दुसरीकडे जाऊन घुसतात. चांगल्या चाललेल्या जनुकाच्या मध्येच जाऊन बसले की त्याचं काम बंद.

"म्हणजे जेवणाच्या पंगतीत मध्येच कुणी आपला किस्सा सुरू करावा तसं," सुलभा म्हणाली.

"अगदी तसं, आई."

मी ऐकून घेतलं. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

मग तिने पेटुनियाच्या फुलांचं सांगितलं. कुणा शास्त्रज्ञांनी जांभळ्या फुलांचा रंग आणखी गडद करायचा म्हणून त्या रंगाचं जनुक वरून आणखी एकदा घातलं. फुलं आली ती पांढरी. जास्तीचं जनुक गप्प झालं ते झालं, मुळातलं होतं तेही गप्प झालं. तेव्हा कुणाला कळेना हे काय. मग सूत्रकृमीवर, डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढ्याशा किड्यावर प्रयोग झाले आणि उलगडा झाला. आरएनए म्हणजे डीएनएवरून काढलेली कामापुरती नक्कल. ती एकेरी असते. पुनरुक्तीचे तुकडे मात्र सुलटे वाचले जातात तसे उलटेही वाचले जातात, आणि त्या दोन नकला एकमेकींना चिकटून दुहेरी आरएनए होतो. दुहेरी दिसला, की पेशीला संशय येतो.

"मग?"

"मग एक प्रथिन येतं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करतं. वीस-बावीस अक्षरांचे. दुसरं प्रथिन त्यातला एक तुकडा उचलतं आणि तो घेऊन हिंडतं. जिथे तुकडा जुळेल, तिथे ती गोष्ट बंद. आरएनए असेल तर कापून टाकायचा. डीएनएच्या त्या जागेवर पोचलं, तर ती जागाच घट्ट गुंडाळून ठेवायची. पुन्हा उघडायचं नाव नाही."

"सगळी गोष्ट ऐकून घेत नाहीत?"

"नाही ना! वीस अक्षरं पुरतात."

"अन्याय आहे," मी म्हणालो. "हे म्हणजे, तेव्हा खाडीला—"

"व्हय म्हाराजा!" तिघी म्हणाल्या. तिघी! गडग्यापलीकडच्या भाभीसुद्धा. मी भाभींकडे असं पाहिलं की त्यांनी ओढणी तोंडाशी धरली.

"हेही असतं बाबा," मुक्ता अगदी आनंदाने म्हणाली. "किड्यात एका पेशीत गप्प करायला सुरुवात केली, की ते शेजारच्या पेशींतही पसरतं."

मी झोपाळ्यावरून उठून परड्यात गेलो आणि कारण नसताना माडाला पाणी घातलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी अतिशय त्रासलेला होतो. एकीकडे पोरीची काळजी, दुसरीकडे ढोल, तिसरीकडे हे शास्त्र. रोज तिन्हीसांजेला ती भिंतीशी उभी राहायची. आमच्याशी वाद घालताना घडाघडा बोलायची, आणि "हं, आता मुलाखतीत बोलशील तसं बोल" म्हटलं की गप्प. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मला सगळं येतं हो. पण तोंड उघडलं की कुणीतरी आतून घट्ट गुंडाळून ठेवतं." त्यावर मला एक गोष्ट सुचली होती, पण ती मी बोललो नाही. बोलू दिली नसती.

एक मात्र तिने सांगितलेलं डोक्यात राहिलं. मी विचारलं होतं, एवढा जर त्या पुनरुक्तीचा जाच आहे, तर पेशी ती कापून फेकून का देत नाही? तर म्हणाली, गुणसूत्राच्या कमरेपाशी, जिथे धरून पेशी विभागताना ओढतात, तिथेही पुनरुक्तीच असते. यीस्टमध्ये गप्प करणारी यंत्रणा काढून टाकली, तर वाटणीच्या वेळी गुणसूत्रं मागे रेंगाळायला लागली, धड इकडे जाईनात की तिकडे. ती पुनरुक्ती तिथे हवीही, आणि गप्पही हवी. शिवाय तिला गप्प करायचं तर आधी तिला थोडं बोलावं लागतं. बोललीच नाही, तर तुकडे कशाचे करणार? "आणि बाबा, ज्याला गप्प करायचं, त्याचाच तुकडा जपून जवळ ठेवावा लागतो. नाही तर ओळखणार कसं?"

"म्हणजे गप्प करणाऱ्यालाच ते पाठ," मी म्हणालो.

"हं. तसंच."

मुंबईला निघायचा दिवस उजाडला. गाडी दुपारची. सकाळी मी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलो. मुलगी निघायची, तिला सरंग्याचा तुकडा पानात हवा. तिथे तात्या मानकऱ्यांचा पुतण्या भेटला. म्हणाला, यंदा दोन गावच्या पालख्यांची भेट देवळाच्या माळावर नाही. दोन्ही गावांत मानावरून रुसवेफुगवे झाले, तेव्हा मध्यावर भेटायचं ठरलं. दुपारी. खाडीच्या पुलावर. गाड्या बंद.

मी पिशवी घेऊन जवळजवळ धावत घरी आलो. स्टेशनला जायला त्या पुलावाचून वाट नाही.

"अगं ऐक," मी दारातूनच म्हणालो, "खाडीच्या पुलावर—"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून.

"तसं नव्हे. मुक्ता, आज पूल—"

"व्हय म्हाराजा!" न्हाणीघरातून.

"अहो, मासे द्या आधी इकडे," सुलभा बाहेर येऊन म्हणाली. "पोरगी आधीच घाबरलीय. निदान आज तरी तुमची ती खाडी नको."

मी गडग्याशी गेलो. म्हटलं भाभींच्या तोंडून तरी निरोप आत जाईल. "भाभी, जरा सुलभाला सांगा, पूल—"

भाभींनी वाळत घातलेल्या कपड्यांआडून हात जोडले. "व्हय म्हाराजा. भावजी, आज तरी सोडा तिला!"

आता माणसाने काय करावं? चौथ्या खेपेला मी कागदावर लिहून दाखवणार होतो, पण तेवढ्यात ताटं मांडली, मग बॅगेची चेन अडकली, मग रिक्षा दारात आली. आता कुणाला काही सांगायचंच नाही म्हणून मी रिक्षात तोंड फुगवून पुढे बसलो. रिक्षावाला माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काका, बरं नाय काय?"

पुलाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. समोर माणसांचं रान. ढोल असा की छातीतली धडधड कुठली आणि ढोलाची कुठली, कळेना. पुलाच्या मधोमध एक पालखी नाचते आहे, पलीकडून दुसरी येते आहे, गुलाल उडतो आहे, आणि खाली ओहोटीची खाडी, चिखलात रुतलेल्या दोन होड्या.

"अहो, हे काय!" सुलभा किंचाळली. "पूल बंद?"

"मी सकाळपासून काय सांगतोय!"

"मग नीट सांगायचं ना!"

मी आभाळाकडे पाहिलं. मुक्ताचा चेहरा पांढराफटक पडला होता. तशातही ती पुटपुटली, "चुकून भलतंच जनुक गप्प केलं. तुकडा जुळला म्हणून."

"आता शास्त्र नको," मी म्हणालो, तिची बॅग डोक्यावर घेतली आणि गर्दीत शिरलो. पण नाचत्या पालखीला आडवं जायचं नसतं. दोन्ही देव भेटेपर्यंत थांबणं आलं. पहिल्या पालखीपाशी आम्ही अडकलो, आणि घामाने निथळणाऱ्या तात्या मानकऱ्यांनी मला ओळखलं.

"काय रे, बोजा घेऊन कुठं?"

"पोरीची गाडी आहे तात्या. मुंबईला परीक्षा. बोलायची परीक्षा. आणि हिला चार माणसांत बोलता येत नाही!" मी ढोलावर आवाज चढवून ओरडलो. नेमके तेव्हाच ढोल थांबले. पुलावरच्या यच्चयावत माणसांना ते ऐकू गेलं. मुक्ताने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तात्यांनी दुसरं काही केलं नाही. पालखीकडे वळून हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक परीक्षेला चाललीय. तिच्या जिभेवर बस. तिचं तोंड उघड. तिला गाडी मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा पूल म्हणाला. दोन्ही गावं. रुसलेली होती तीसुद्धा, एका सुरात.

मग कुणीतरी माझ्या डोक्यावरची बॅग उचलली, ती हातोहात पुढे गेली, पालख्यांच्या मधून वाट झाली, आणि पलीकडच्या टोकाला कुणाची तरी रिक्षा आधीच वळवून उभी. गाडी मिळाली. फलाटावर मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. तिने हात वर केला, पण "व्हय म्हाराजा" म्हणाली नाही. कपाळाला गुलाल तसाच होता. "बाबा, पाठ आहे मला," एवढंच म्हणाली, आणि गाडी हलली.

मुलाखतीचं तिने फोनवर सांगितलं. पहिली पाच मिनिटं काहीच सुचेना, जीभ गेली होती. मग एका बाईंनी सहज विचारलं, पण एवढ्याशा तुकड्यावरून पेशीला कळतं कसं? "आणि बाबा, मला एकदम स्वयंपाकघर दिसलं. मी सांगितलं, आमच्या घरी एक गोष्ट आहे. तुमची सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत. आणि आम्ही ती कशी बंद करतो तेही. इतके हसले सगळे, डोळे पुसत होते. मग मला पुढचं बोलताच यायला लागलं. थांबवावं लागलं मला."

"माझ्या गोष्टीला हसले?"

"अहो, हसणारच ना!"

तिला जागा मिळाली. त्याचा आनंद आहेच. पण गुडघाभर चिखलातून खाडी ओलांडणाऱ्या पोरात त्या विद्वानांना हसण्यासारखं काय दिसलं, हे मला कळेना. मी विचारलंही नाही. अपमान झालेल्या माणसाने फार चौकशा करू नयेत.

आता मुक्ता हैदराबादला असते. तिचं प्रयोगांचं वेळापत्रक, तिची माणसं. भाभी मुलाकडे मुंब्र्याला गेल्या, त्यांच्या घराला कुलूप आहे. मार्च तेवढा आला आहे, ढोल घेऊन. काल तिन्हीसांजेला वीज गेली, पंखा थांबला, शेजारच्या पोरीचा किरणही लंबाकडे झुकायचा थांबला. झोपाळ्यावर मी, पायरीवर सुलभा, सुपाने वारा घेत. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तेव्हा खाडीला पूल नव्हता."

मी थांबलो. "व्हय म्हाराजा"ला जागा सोडून थांबलो. काही नाही. सूप हलत राहिलं.

"होडी वाळूत रुतली," मी म्हणालो. काही नाही. आता भीती वाटायला लागली. "चपला डोक्यावर, कंपासपेटी दातांत. चिखल. धावत गेलो. खोलीच्या दारात उभा राहिलो..."

आणि पुढे काय, ते मला आठवेना! देवाशपथ सांगतो. इतक्या वर्षांत कुणी मला त्या दाराच्या आत जाऊच दिलं नव्हतं. दार दिसत होतं, उंबऱ्यावर माझे चिखलाचे पाय दिसत होते, मास्तरांचं धोतर दिसत होतं. पुढे काही नाही. गुंडाळून ठेवलेलं.

"मास्तर म्हणाले," सुलभा अंधारातून म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाय बाहेर धू. आणि घरी जा. गणिताचा पेपर उद्या आहे."

मी झोपाळा पायाने थांबवला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्यात." सूप हलायचं थांबलं होतं, आणि ती हसत होती की काय, ते वीज नसल्यामुळे सांगता येत नाही. "तुम्ही तसेच चिखलातून परत आलात. एक चप्पल खाडीत गेली. दुसऱ्या दिवशी भरती होती, होडी थेट धक्क्याला लागली, आणि तुम्ही उशीर नको म्हणून इतके लवकर गेलात, की शाळेचा शिपाईसुद्धा आला नव्हता."

चपलेचं मी विसरलोच होतो. डावी होती.

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर तुम्ही ती गोष्ट सांगायचं सोडलं असतं," ती म्हणाली, आणि वीज आली.